पांढरी बट आणि रिकामं आतडं

१९८१ साली अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये मुंबईच्या डॉक्टरांचा एक छोटा लेख छापून आला. जेमतेम चार पानांचा. लेखक सहा : शहा, दलाल, देसाई, शेठ, जोशी आणि अंबानी. पाच कुटुंबांतल्या बारा बाळांची नोंद त्यात होती. या बाळांच्या कपाळावर जन्मतःच पांढऱ्या केसांची बट होती, भुवया आणि पापण्या पांढऱ्या होत्या, डोळ्यांचा रंग फिका होता. आणि याच बाळांची आतडी अडलेली होती. मोठ्या आतड्याचा लांबलचक भाग शी पुढे ढकलायचं कामच करत नव्हता.

अडलेल्या आतड्याचं नवजात बाळ वॉर्डात येतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्या पोटाकडे असतं. सलाईन, एक्स-रे, शस्त्रक्रियेची तयारी, दारात रडणारे आई-बाप. अशा धावपळीत केसांकडे पाहायचं, आधी आलेल्या तशाच बाळांची आठवण ठेवायची आणि दोन्ही लक्षणं एकाच ओळीत लिहायची, हे या डॉक्टरांनी केलं. त्या ओळीचा पुरता अर्थ लागायला आणखी सतरा वर्षं गेली. तो लागला तेव्हा कळलं, की केसांचा रंग आणि आतड्याच्या नसा यांचा धागा एकाच प्रथिनाच्या हातात आहे. ते प्रथिन स्वतः ना रंग बनवतं, ना नस. इतर जनुकं कधी चालू व्हायची, हे ठरवणं एवढंच त्याचं काम.

या शोधाची गोष्ट मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे, आणि तिच्यात एक चूक पुन्हा पुन्हा घडते. जिथे फुगलंय, जिथे दुखतंय, तिथेच दोष असणार असं प्रत्येक पिढीला वाटतं. दोष निघतो तो शेजारच्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या, रिकाम्या जागेत.

कोपनहेगन ते बॉस्टन

१८८६ साली बर्लिनला बालरोगतज्ज्ञांच्या सभेत हॅराल्ड हर्शस्प्रुंग हे डॅनिश डॉक्टर बोलायला उभे राहिले. कोपनहेगनच्या मुलांच्या रुग्णालयात त्यांची हयात गेली होती. त्यांनी दोन मुलग्यांची हकिगत सांगितली. एक अकरा महिन्यांचा होऊन गेला, दुसरा आठ महिन्यांचा होऊन. दोघांनाही जन्मापासून शौचाला होत नव्हतं, दोघांची पोटं तट्ट फुगलेली. शवविच्छेदनात मोठं आतडं अवाढव्य ताणलेलं आणि जाड भिंतीचं दिसलं. त्याच्या खालचा गुदाशयाचा भाग फुगलेला नव्हता. हर्शस्प्रुंग यांचं मत असं पडलं, की आतड्याचा तो मोठा भाग जन्मतःच तसा आहे. आजाराला त्यांचं नाव मिळालं आणि त्यांचं मतही आजाराला चिकटून राहिलं.

मग शल्यविशारदांनी करायचं ते केलं. फुगलेला भाग कापून काढला, उरलेलं आतडं जोडलं. काही दिवस बरे जात, मग उरलेला भाग फुगू लागे. १९२० नंतर ऑस्ट्रेलियातल्या वेड आणि रॉयल यांनी वेगळा मार्ग धरला. आतड्याला आवर घालणाऱ्या बाहेरच्या नसा कापल्या तर आतडं मोकळं होईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यानेही टिकाऊ गुण आला नाही.

खरी खूण तोवर दोनदा सापडून गेली होती. १९०१ साली कार्ल टिटेल यांना एका मुलाच्या मोठ्या आतड्यात चेतापेशींचे पुंजके नसल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. १९२० साली इटलीत डाला व्हाले यांनी दोन सख्ख्या भावांत तेच पाहिलं होतं. दोन भाऊ म्हणजे घराण्यात काहीतरी उतरतंय, हेही त्यात होतं. पण फुगलेलं आतडं इतकं डोळ्यांत भरणारं होतं, की काय ‘नाही’ याची नोंद कुणाच्या मनात ठसली नाही.

कोडं सुटलं ते बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात. ऑर्व्हर स्वेन्सन यांच्याकडे आलेल्या काही मुलांची प्रकृती इतकी ढासळलेली होती, की त्यांनी आधी पोटावर शीची वाट काढून दिली. कोलोस्टोमी म्हणतात ती. मुलं सुधारली, वजनं वाढली. सुधारलं म्हणून आतडं पूर्ववत जोडलं, तर आजार परत आला. याचा सरळ अर्थ असा, की वरचा फुगलेला भाग काम करू शकतो. अडथळा त्याच्या खाली आहे. बेरियम देऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये तो दिसला : फुगलेल्या आतड्याखाली आखडून राहिलेला अरुंद तुकडा. स्वेन्सन यांनी उलटं केलं. फुगलेला भाग ठेवला, अरुंद भाग काढला आणि वरचं आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडलं. आधी कुत्र्यांवर हे साधलं, मग मुलांवर. अलेक्झांडर बिल यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख १९४८ साली आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणखी दोन गटांनी नक्की केलं, की त्या अरुंद तुकड्यात चेतापेशींचे पुंजके मुळीच नसतात.

बासष्ट वर्षांनी आजाराची जागा बदलली. फुगलेलं आतडं निर्दोष ठरलं. ते बिचारं बंद दारावर धडका देऊन ताणलं गेलं होतं.

आतड्याच्या स्वतःच्या नसा

चेतापेशी नसल्या तर आतडं का अडतं? याचं उत्तर एकोणिसाव्या शतकातच तयार होतं. जर्मनीत गेऑर्ग माइसनर यांनी १८५७ साली आणि पुढे ब्रेस्लाऊच्या लिओपोल्ड आउएरबाख यांनी १८६० च्या दशकात आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी पाहिली होती. एक आतल्या अस्तराखाली, दुसरं स्नायूंच्या दोन थरांमध्ये. लंडनला १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी बाहेरच्या नसा तोडलेल्या आतड्यावर प्रयोग केले. आत गोळा आला की त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो. मेंदूचा हुकूम लागत नाही. पुढे केंब्रिजच्या लँगली यांनी या जाळ्याला स्वायत्त चेतासंस्थेची स्वतंत्र, तिसरी शाखा मानलं. माणसाच्या आतड्यात अशा कोट्यवधी चेतापेशी आहेत, साधारण मज्जारज्जूत असाव्यात तेवढ्या.

हर्शस्प्रुंग यांच्या आजारात पुढचा भाग सैल पडायची सूचनाच मिळत नाही. तो आवळलेलाच राहतो. जगात साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे चौपट आढळतो. बहुतेकांत आतड्याचं खालचं टोक तेवढंच रिकामं असतं; थोड्या बाळांत मात्र ही रिकामी जागा पार वरपर्यंत जाते. मुंबईच्या लेखातली बाळं या दुसऱ्या, वाईट प्रकारातली होती.

रिकामी जागा नेहमी खालच्या टोकालाच का? वरचं टोक भरलेलं आणि मधलंच रिकामं, असं का होत नाही? याचं उत्तर रुग्णालयात मिळण्यासारखं नव्हतं. ते अंड्यात मिळालं.

गर्भाची पाठ तयार होताना वरच्या थराला घडी पडून एक नळी बनते. तिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. नळीच्या कडेला राहिलेल्या पेशींच्या पट्ट्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. १८६८ साली विल्हेल्म हिस यांनी तो कोंबडीच्या गर्भात पाहिला. या पेशी एका जागी बसत नाहीत. शरीरभर चालत जातात आणि जिथे पोचतील तिथे वेगवेगळं रूप घेतात. १९५४ साली यंटेमा आणि हॅमंड या अमेरिकनांनी कोंबडीच्या गर्भातून मानेलगतचा हा पट्टा काढून टाकला. पिल्लांच्या आतड्यात चेतापेशी बनल्याच नाहीत.

म्हणजे पेशी मानेकडून येतात. पण येताना त्यांना पाहायचं कसं? कोंबडीच्या पेशींमध्ये कोंबडीचीच पेशी कशी ओळखणार? फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांना याची युक्ती सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. जपानी लावा पक्ष्याच्या पेशीकेंद्रात रंग दिल्यावर एक गडद ठिपका दिसतो. कोंबडीच्या पेशीत तो दिसत नाही. ल दुआरँ पूर्वी शाळेत शिकवत असत, संशोधनाकडे त्या उशिरा वळल्या. त्यांनी लाव्याच्या गर्भातला न्यूरल क्रेस्टचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला आणि ठिपके कुठवर पोचतात ते पाहिलं. १९७३ साली मारी-एमे तेये यांच्यासह त्यांनी नकाशा छापला. आतड्यातल्या बहुतेक चेतापेशी मानेजवळच्या पट्ट्यातून येतात, थोड्या शेपटीकडच्या भागातून. माणसाच्या गर्भातलं वेळापत्रक जपानच्या ओकामोतो आणि उएदा यांनी १९६७ साली मांडलं होतं. पाचव्या आठवड्यात या पेशी अन्ननलिकेशी असतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मोठ्या आतड्याच्या शेवटाला पोचतात.

चाल वरून खाली आहे, म्हणून वाटेत कमी पडल्या तर शेवटचाच मुक्काम रिकामा राहतो. रोग आतड्यात दिसला तरी घडला तो आतड्यात नव्हता. गर्भ दोन-तीन महिन्यांचा असताना मानेजवळून निघालेली एक तुकडी पोचली नव्हती.

परळचा वॉर्ड

याच न्यूरल क्रेस्टमधून आणखी एक तुकडी त्वचेकडे निघते. तिच्या रंगपेशी होतात. केसांना, त्वचेला आणि बुबुळाला रंग त्या देतात. मुंबईत परळला काम करणाऱ्या त्या डॉक्टरांनी जोडलेल्या दोन लक्षणांचा सांधा इथे आहे. कपाळाची बट पांढरी, कारण रंगाची तुकडी तिथवर पोचली नाही. आतडं रिकामं, कारण नसांची तुकडी तिथवर पोचली नाही. निघण्याच्या जागीच काहीतरी बिघडलं होतं.

नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ पेट्रुस वॉर्डनबर्ग यांनी १९५१ साली पांढरी बट, बहिरेपण आणि डोळ्यांच्या आतल्या कडांमधलं वाढलेलं अंतर, अशा लक्षणांच्या घराण्यांचं वर्णन केलं होतं. मुंबईच्या लेखाच्या शीर्षकात ‘वॉर्डनबर्ग सिंड्रोमचा संभाव्य प्रकार’ असे जपून शब्द वापरले होते. संभाव्य म्हणायचं कारण होतं. या बाळांत डोळ्यांच्या कडांची खूण नव्हती आणि आतड्याचा आजार वॉर्डनबर्ग यांच्या वर्णनात नव्हता. शिवाय आई-वडील निरोगी होते, म्हणजे दोघांकडून एकेक सदोष प्रत आल्यावरच आजार होत असावा. पुढे जगाने या प्रकाराला ‘वॉर्डनबर्ग–शहा सिंड्रोम’ असं नाव दिलं. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आतड्याच्या नसांच्या प्रकरणात एक मुंबईकर आडनाव येतं ते असं.

परळचं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांचं. आजूबाजूला गिरणगाव, गिरणीत कोकणातली माणसं, आणि गावाकडचं मूल आजारी पडलं की त्यांच्याच खोलीत उतरून वाडिया नाहीतर केईएम गाठायचं, ही कोकणची जुनी वाट. पेण-रोह्याचीही तीच. हा लेख छापला गेला त्याच १९८१ साली पेण-रोह्याच्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. रोह्याला रेल्वे तेव्हा पोचली नव्हती. ती १९८६ साली आली. तोवर पोट फुगलेलं तीन दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन एस.टी.ने पनवेलमार्गे मुंबई, हाच रस्ता. पोचेपर्यंत बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं, आतड्यात जंतूंचं विष पसरायला लागलेलं. त्यात आतडं लांबवर रिकामं असेल तर शस्त्रक्रियेने जोडायला चांगलं आतडं उरतच नसे, आणि शिरेतून संपूर्ण पोषण देण्याची सोय तेव्हा तुटपुंजी होती. डॉक्टरांच्या हातात होतं ते म्हणजे नीट पाहून नीट लिहिणं. मुंबईत बालशल्यचिकित्सा ही वेगळी शाखा उभी राहत होती तो हा काळ. शीव रुग्णालयात बालशल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या आणि पुढे केईएमच्या अधिष्ठाता व मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख याच पिढीच्या.

ठिपक्यांचे उंदीर

मुंबईतल्या बाळांचं रहस्य उंदरांच्या पिंजऱ्यात आधीपासून फिरत होतं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत प्रिसिला लेन यांनी १९६६ साली नोंदवलं होतं, की अंगावर पांढरे डाग असलेल्या उंदरांच्या दोन जातींत मोठं आतडं फुगून पिल्लं मरतात. १९८४ साली तिथेच आणखी एक जात सापडली : पांढरं पोट, पांढरे पाय, फुगलेलं आतडं. हिच्यात मात्र दोषाची एकच प्रत पुरेशी होती. तिला नाव मिळालं ‘डॉम’.

१९९४ हे या विषयातलं भरभराटीचं वर्ष. जानेवारीत इटली आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी हर्शस्प्रुंग आजाराच्या रुग्णांत ‘रेट’ या जनुकाचे दोष दाखवले. रेट म्हणजे पेशीच्या अंगावर बसणारा एक ग्राहक. आतड्याची भिंत पुढून एक रसायन सोडते, रेट ते ओळखतो आणि पेशी त्या दिशेने चालते, वाढते. डिसेंबरात ‘सेल’ नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन लेख आले. जपानमध्ये १९८८ साली यानागिसावा यांनी रक्तवाहिन्या आवळणारं एंडोथेलिन शोधलं होतं. आता त्यांच्याच गटाने अमेरिकेत एंडोथेलिन-३ आणि त्याचा ग्राहक यांची जनुकं उंदरांतून काढून टाकली. रक्तदाबाचं काही कळेल म्हणून वाट पाहत होते; पिल्लं जन्माला आली ती पांढऱ्या डागांची आणि अडलेल्या आतड्याची. तिसरा लेख माणसांचा होता. अमेरिकेतल्या मेनोनाइट पंथाच्या कुटुंबांत त्याच ग्राहकाचा दोष सापडला होता. त्या गटाचे प्रमुख अरविंद चक्रवर्ती, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले.

शहांच्या सिंड्रोममध्येही एंडोथेलिनच्या या जोडीचे दोष निघाले, आणि तिथे दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात हे मुंबईच्या निरीक्षणाशी जुळलं. तरी काही रुग्ण उरले. त्यांचं उत्तर १९९८ साली ‘डॉम’ उंदराने दिलं. त्याच्यातला बिघाड सॉक्स-१० नावाच्या जनुकात होता. त्याच वर्षी फ्रान्सच्या व्हेरोनिक पँगो आणि सहकाऱ्यांनी वॉर्डनबर्ग–शहा सिंड्रोमच्या रुग्णांत सॉक्स-१० चे दोष दाखवले.

रेट आणि एंडोथेलिन ही निरोप घेणारी-देणारी प्रथिनं. सॉक्स-१० वेगळ्या जातीचं होतं. ते ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे.

कोण कुणाला चालू करतं

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच वीसेक हजार जनुकं असतात. चेतापेशी आणि रंगपेशी वेगळ्या ठरतात त्या कोणती जनुकं चालू आहेत यावरून. जनुक चालू होणं म्हणजे त्याची आरएनएमध्ये नक्कल निघणं आणि नकलेवरून प्रथिन बनणं. नक्कल काढायला सुरुवात करायची की नाही, हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर ठरवतात. सॉक्स-१० डीएनएवरचा सहा-सात अक्षरांचा ठराविक क्रम ओळखतं, तिथे बसतं आणि डीएनएला वाकवतं. वाकल्यामुळे दूरची प्रथिनं जवळ येतात आणि नक्कल काढणारी यंत्रणा कामाला लागते.

ते एकटं फारसं काही करत नाही. २००० सालच्या सुमारास हे स्पष्ट झालं. पॅक्स-३ या दुसऱ्या फॅक्टरच्या जोडीने ते ‘रेट’ जनुकाजवळ बसलं की पेशीला आतड्यातून चालायची दिशा मिळते. त्याच पॅक्स-३ च्या जोडीने ‘एमआयटीएफ’ जनुकाजवळ बसलं की रंगपेशीचा कार्यक्रम सुरू होतो. जोडी तीच, बसायची जागा वेगळी, निकाल वेगळा. म्हणून सॉक्स-१० बिघडलं तर केस आणि आतडं दोन्ही एकदम बिघडतात. पॅक्स-३ हेच वॉर्डनबर्ग यांनी वर्णन केलेल्या मूळ सिंड्रोमचं जनुक आहे, हे १९९२ सालीच कळलं होतं.

प्रमाणाचीही बाब आहे. सॉक्स-१० ची एक प्रत चांगली असली तरी प्रथिन निम्मं होतं आणि निम्मं पुरत नाही. दोन्ही प्रती गेलेल्या उंदराच्या आतड्यात एकही चेतापेशी नसते. एक गेली तर तुकडी विरळ होते, वाटेत पेशी कमी पडतात आणि शेवटचा टप्पा तसाच राहतो.

आणि वेळेचीही. चालत असलेल्या पेशीला सॉक्स-१० हवं असतं, पण चेतापेशी होताना ते बंद व्हावं लागतं. ते चालूच राहिलं तर पेशी कच्चीच राहते, हे २००३ साली प्रयोगात दिसलं. मधल्या काळात फॉक्स-२बी हे दुसरं ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर येतं. १९९९ साली फ्रेंच संशोधकांनी ते उंदरातून काढलं, तेव्हा आतड्याच्याच नव्हे, स्वायत्त चेतासंस्थेच्या सगळ्याच गाठी बनल्या नाहीत. त्यानंतर हँड-२ चेतापेशीला तिचं पक्कं रूप देतं. एएससीएल-१ नसेल तर सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशींची जात गळते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात असंच चालतं. साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, घासणारा वेगळा, रंग देणारा वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा सगळ्यांत शेवटी. मूर्ती ओली असताना आखणीवाल्याने कुंचला लावला, किंवा साचेवाल्याने हात काढलाच नाही, तर कारागीर सगळे असूनही मूर्ती वाया जाते.

कमी पेशी हाच धोका असतो असंही नाही. १९९७ साली टीएलएक्स-२ हा फॅक्टर काढलेल्या उंदरांत आतड्यात चेतापेशी जास्त झाल्या, आणि आतडं तरीही फुगलं. नेमकं संतुलन लागतं.

हाच नियम मेंदूतही चालतो, आणि तो दाखवणाऱ्यांत मुंबईचं काम आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की एलएचएक्स-२ हा फॅक्टर नसेल तर मेंदूच्या बाह्यकाचे व्हायचे ते भाग शेजारच्या वेगळ्याच ऊतीची ओळख घेतात. कोण काय व्हायचं, हे ठरवणारा फॅक्टर गेला की पेशी आपला मार्ग सोडून शेजाऱ्याचा मार्ग धरते.

पुन्हा रिकामी जागा

सगळी जनुकं हाती आली तरी हिशेब जुळेना. हर्शस्प्रुंग आजार झालेल्या बहुतेक बाळांच्या ‘रेट’मध्ये प्रथिन बिघडवणारा दोष सापडत नव्हता, तरीही आजाराचा धागा रेटकडेच जात होता. जनुकशास्त्रज्ञ तोवर जनुकाच्या ज्या भागातून प्रथिन बनतं तोच तपासत होते. डीएनएचा बाकीचा फार मोठा भाग प्रथिन बनवत नाही, म्हणून तो दुय्यम मानला जाई. शल्यविशारदांनी साठ वर्षं फुगलेलं आतडं पाहिलं होतं. आता संशोधक ठळक अक्षरंच वाचत होते.

२००५ साली चक्रवर्ती यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये उत्तर दिलं. रेट जनुकाच्या आत, प्रथिन न बनवणाऱ्या पट्ट्यात एक एनहान्सर आहे. एनहान्सर म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर बसायची जागा. तिथलं एकच अक्षर बदललेलं असतं. हा बदल दुर्मीळ नाही : युरोपीय लोकांत जनुकाच्या दर चार प्रतींतल्या साधारण एकीत तो असतो, पूर्व आशियात त्याहून जास्त. बहुतेकांना त्याने काही होत नाही, तो धोका वाढवतो इतकंच. आणि मुलग्यांमध्ये हा धोका मुलींपेक्षा जास्त वाढतो. पुढे त्या अक्षराजवळ कोण बसतं तेही कळलं : सॉक्स-१०. अक्षर बदललं की त्याला तिथे नीट बसता येत नाही आणि रेट कमी बनतो. २०१६ साली सुमंत्र चटर्जी, चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी रेटचे असे तीन एनहान्सर दाखवले. तीन वेगवेगळे फॅक्टर त्यांवर बसतात. एकेका ठिकाणचा बदल किरकोळ, पण तिन्ही एकत्र आले तर रेटचं प्रमाण इतकं घटतं, की सगळं जाळंच ढासळतं.

म्हणजे बिघाड दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. मुंबईच्या लेखाने ज्या सिंड्रोमला ओळख दिली, त्यात सॉक्स-१० स्वतःच बिघडू शकतं. साध्या हर्शस्प्रुंग आजारात ते ठीक असतं, पण त्याची बसायची जागा बिघडलेली असते. पहिला आजार दुर्मीळ, दुसरा त्यामानाने नेहमीचा. एकाने दुसऱ्याचं कुलूप उघडलं. वैद्यकात दुर्मीळ रुग्णाची नोंद ठेवायची ती यासाठी.

आज

शस्त्रक्रिया आता खूप सोपी झाली आहे. सॉक्स-१० सापडलं त्याच १९९८ साली मेक्सिकोच्या शल्यविशारदांनी पोट न उघडता, गुदद्वारातूनच रिकामं आतडं ओढून काढण्याची पद्धत मांडली. तत्त्व स्वेन्सन यांचंच आहे : फुगलेलं ठेवायचं, रिकामं काढायचं. ज्यांचं रिकामं आतडं फार लांब आहे, त्यांच्यासाठी पेशी पेरण्याचे प्रयोग सुरू आहेत. २०१६ साली न्यूयॉर्कच्या लोरेन्झ श्टूडर यांच्या गटाने मानवी मूलपेशींना ठराविक क्रमाने संकेत देऊन न्यूरल क्रेस्टच्या पेशी बनवल्या, आणि एंडोथेलिन ग्राहकाचा दोष असलेल्या उंदरांच्या आतड्यात सोडल्या. त्या पेशी आतड्यात पसरल्या आणि उंदीर जगले. गर्भात वाटेत राहिलेली तुकडी जन्मानंतर पोचवता येईल का, हा आता प्रयोगशाळेतला प्रश्न आहे.

पेण आणि रोह्याला आज उपजिल्हा रुग्णालयं आहेत, बाळंतपणं तिथे होतात, घरी गेलेल्या बाळाला आशाताई ठरलेल्या दिवशी भेटायला जातात. पण बालशल्यचिकित्सकाकडे बहुधा अजून नवी मुंबई-मुंबईलाच जावं लागतं, त्यामुळे ओळख किती लवकर पटते यावर बरंच अवलंबून आहे. पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ बहुधा पहिल्या चोवीस तासांत काळी-हिरवी शी करतं, आणि अठ्ठेचाळीस तासांत जवळपास प्रत्येक बाळ करतं. या आजाराच्या बऱ्याच बाळांत ती पहिली शी लांबते. पोट फुगणं आणि हिरवी उलटी ही नंतरची, ठळक लक्षणं. तोवर मौल्यवान वेळ गेलेला असतो. दीडशे वर्षांच्या या शोधातून बाळंतिणीच्या खाटेशी वापरता येईल असं एकच सूत्र निघतं. बाळाला काय होतंय हे सगळेच विचारतात. बाळाने जे करायला हवं होतं ते केलं का, हेही पहिल्याच दिवशी विचारायचं, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर पोट फुगायची वाट न पाहता बाळाला पुढे पाठवायचं. बाळाच्या कपाळावर पांढरी बट असेल, तर तीही चिठ्ठीत लिहायची.